उंचावलेली जीप का थरथरते?

झाशी–कानपूर मार्गावरील मोठच्या परिसरात शेतवाटांसाठी एखादी जीप मुद्दाम उंच करून घेतली, की हमरस्त्यावर वेग घेताच ती थरथरू लागण्याचा संभव असतो. दोष बहुधा चाकांना दिला जातो. मूळ मात्र पुष्कळदा शाफ्टच्या कोनात असते.

गिअरबॉक्सकडून मागील आसाकडे गती नेणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांस एकेक क्रॉस असतो. गाडी उंचावली की त्याचा कोन वाढतो. तिरक्या क्रॉसमधून गती एकसारखी जात नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. कोन १० अंशांचा असता हा फरक दोन्ही बाजूंस सुमारे १.५ टक्के, तर २० अंशांवर सुमारे ६ टक्के. कोन दुप्पट, धक्का चौपट!

दोन्ही टोकांचे कोन समान असले आणि शाफ्टवरील क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असले, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून शाफ्ट सोडविण्यापूर्वी रंगाने खूण करावी. सैल क्रॉस प्रथम बदलावेत. कोन जुळत नसल्यास पाटे व आस यांमध्ये पाचर बसवून घ्यावी. तरीही कंप न थांबल्यास उंचीच कमी करावी.

थरथर अंगवळणी पडू देऊ नये. धावत्या गाडीचा शाफ्ट तुटून निसटला, तर आत बसलेल्यांच्या जिवावर बेतू शकते.