मंडळी सुखरूप राहावी म्हणून

मराठी ख्रिस्ती माणसे चर्चच्या भाविकसमुदायाला 'मंडळी' म्हणतात. बायबलच्या मराठी भाषांतरातून रुळलेला हा शब्द मला नेहमीच मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे. आपल्या घरगुती बोलण्यात मंडळी म्हणजे पंगतीला बसलेली आपली माणसे, आणि जुन्या पिढीच्या तोंडी तर प्रत्यक्ष पत्नीसुद्धा. एकत्र येणे, जवळ बसणे, एका सुरात गाणे, एका ताटातले खाणे हेच जिचे जगणे, ती मंडळी. साथीचा रोग घाला घालतो तो नेमका या जवळ येण्यावरच. म्हणून साथ आली की डॉक्टरांइतकीच कसोटी धर्मगुरूंची लागते. ही कसोटी जुन्या काळातली आणि आता संपलेली आहे, असे मानण्याचे मात्र कारण नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात गोवराची साथ सुरू झाली. ती संपल्याचे जाहीर व्हायला १८ ऑगस्ट उजाडला. तोवर ७६२ जणांना गोवर झाला होता आणि शाळकरी वयाची दोन मुले दगावली होती. दोघांनाही लस टोचलेली नव्हती. साथीचा सर्वाधिक जोर होता तो मेनोनाइट या साध्या राहणीच्या, जगापासून काहीशा अलिप्त राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत. शेजारच्या कॅनडात हेच घडले, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर. २०२४ च्या शरद ऋतूत न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका मोठ्या समारंभाला मेनोनाइट पाहुणे जमले होते. तिथून निघालेली साथ ओंटारिओत पोचली आणि एकट्या त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'गोवरमुक्त देश' हा आपला १९९८ पासूनचा दर्जा कॅनडाने गमावला. टोरांटोच्या परिसरात आपली पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. तान्हे नातवंड तिकडे असलेल्या आजी-आजोबांना ही बातमी दूरची वाटली नसेल.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मेनोनाइटांच्या धर्मशास्त्रात लशीला बंदी नाही. अडचण श्रद्धेची नव्हती, अंतराची होती. मुलांच्या शाळा वेगळ्या, घरातली भाषा वेगळी, सरकारी कचेरीशी संबंध जेवढ्यास तेवढा. अशा समाजात सरकारी पत्रक जाऊन पडते, पण पोचत नाही. आणि गोवर तर अत्यंत चिवट. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. लस न घेतलेली आणि पूर्वी गोवर न झालेली दहा माणसे रोग्याच्या सान्निध्यात आली, तर त्यांतल्या नऊ जणांना तो गाठू शकतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरू लागतो. म्हणजे आईला काही कळायच्या आत मूल रविवारच्या उपासनेला जाऊन आलेले असते. शंभरातल्या पंचाण्णवांना लस मिळाली, तरच उरलेल्या पाचांचे रक्षण होते.

दोन गावे, दोन धर्मगुरू

अशा वेळी धर्मगुरूने काय करावे? इतिहासाने याची दोन टोकाची उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातल्या ईम या खेड्याचे. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर तिथे प्लेग आला, असे सांगतात. सप्टेंबरात शिंप्याकडचा माणूस पहिला गेला आणि मग घरामागून घरे ओस पडू लागली. विल्यम मॉम्पेसन हा तिथला तरुण धर्मगुरू गावात नवखा होता. गावाचा विश्वास होता तो त्याच्या आधीच्या टॉमस स्टॅन्ली या धर्मगुरूवर. राजाज्ञेने ठरवलेली उपासनापद्धती मान्य न केल्यामुळे स्टॅन्लीला पद सोडावे लागले होते. धर्ममताच्या हिशेबाने दोघे विरुद्ध बाजूंचे. पण जून १६६६ मध्ये मॉम्पेसनने स्टॅन्लीलाच हाताशी धरले आणि दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. चर्चला कुलूप लावून उपासना जवळच्या दरीत, मोकळ्या आकाशाखाली करायची आणि प्रत्येक कुटुंबाने एकमेकांपासून दूर उभे राहायचे. ज्याने त्याने आपला मृत आपल्याच परसात किंवा शेतात पुरायचा. आणि गावाची शीव कोणी ओलांडायची नाही. शिवेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवली जात आणि बाहेरचे लोक तिथे अन्न ठेवून जात. मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन ऑगस्टमध्ये वारली. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. सुमारे चौदा महिन्यांत गावातली २६० माणसे गेल्याचे मानले जाते. पण आसपासची गावे वाचली.

ही कथा फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना ऐपत होती ते आधीच गाव सोडून गेले होते. खुद्द मॉम्पेसनने आपली मुले बाहेर पाठवली होती. कोंडून घेतल्यामुळे गावातले मृत्यू वाढले असावेत, असेही अभ्यासक म्हणतात. तरी एक गोष्ट उरतेच. प्लेग पिसवांमुळे होतो हे ज्या काळात कोणालाच ठाऊक नव्हते, त्या काळात एका धर्मगुरूने उपासना थांबवली नाही, तिची जागा बदलली.

दुसरे उत्तर स्पेनमधल्या झामोरा शहराचे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी गर्दी टाळायला सांगितले. बिशप आल्वारो इ बायानो यांनी ते मानले नाही. संत रॉकच्या नावाने त्यांनी नऊ संध्याकाळची प्रार्थना योजली. चर्च भरभरून गेले आणि भाविकांनी एकामागून एक पवित्र अवशेषांचे चुंबन घेतले. त्या साथीत स्पेनमधल्या सर्वांत जास्त मृत्युदर असलेल्या शहरांत झामोराची गणना झाली. गंमत म्हणावी की दुर्दैव, लोकांचे त्या बिशपवरचे प्रेम कमी झाले नाही. दुःखात धीर दिल्याबद्दल त्यांचा सन्मानच झाला. त्या लोकांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. माणसाला मरणाच्या छायेत सोबत लागते आणि ती देणाऱ्याचे उपकार तो विसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सोबत तर द्यायचीच, पण ती जीवघेणी ठरू नये, हा खरा पेच आहे.

हवेचा धडा

२०२० च्या कोविडने हा पेच साऱ्या जगापुढे टाकला. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात शिन्चॉन्जी या पंथाच्या उपासनेतून पाच हजारांहून अधिक रुग्ण झाले. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका ग्रामीण चर्चमध्ये मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ९२ माणसे जमली. त्यांतल्या ३५ जणांना कोविड झाला आणि तिघे गेले. त्यांच्यापासून गावातल्या आणखी २६ जणांना लागण झाली आणि त्यांतला एक दगावला. चर्चची भिंत ही साथीची शीव नसते, हे यातून दिसले.

अधिक बोलके उदाहरण आहे वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्याचे. १० मार्च २०२० रोजी तिथले एक गायकवृंद चर्चच्या सभागृहात अडीच तास सराव करत होते. हातांना जंतुनाशक लावले होते, गळाभेटी टाळल्या होते. तरीही हजर असलेल्या ६१ पैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे गेले. हात स्वच्छ होते, पण हवा एकच होती. मोठ्याने गाताना तोंडातून सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी ईमच्या लोकांनी, भलत्या समजुतीपोटी का होईना, उघड्यावर जाऊन जे केले ते हवेतून पसरणाऱ्या रोगाला अधिकच लागू पडते.

१२ एप्रिल २०२० चा ईस्टर मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांनी दूरचित्रवाणी नि मोबाइलच्या पडद्यासमोर साजरा केला. त्याच वर्षी आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांच्या मनाला त्याने किती यातना झाल्या असतील, हे सांगायला नको. पण वारी मोडली असे कोणी म्हटले नाही. वारीचा देह त्या वर्षापुरता लहान झाला, एवढेच.

शब्द कोणाचा?

सक्तीने काय होते, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरने. पुढच्याच वर्षी पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, देवघरे नि माजघरे धुंडाळली गेली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग खरा होता, उपायही सर्वस्वी चुकीचे नव्हते. पण ते परक्याच्या हातून, बुटांसकट आले.

त्याच मुंबईत त्याच काळात दुसरीही गोष्ट घडली. हाफकिनने प्लेगची लस तयार केली होती आणि लोक तिला घाबरत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः ती टोचून घेतली. शंभर हुकमांनी झाले नसते ते एका दंडाने केले. मॉम्पेसनने स्टॅन्लीला बोलावण्यामागे तेच शहाणपण होते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, तेव्हाही धर्मगुरूंना साद घालावी लागली ती यासाठीच. मंडळी ज्याचे ऐकते, त्यानेच बोलावे लागते.

धर्माच्या नियमांत अशी सोय बहुधा आधीपासून असतेही. इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षारस एकाच पेल्यातून सगळ्यांनी घेण्याची रीत आहे. पण गरज पडल्यास केवळ भाकर देण्याची मुभा तिथल्या १५४७ च्या कायद्यातच आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत आणि पुन्हा २०२० मध्ये तिचा आधार घेतला गेला. मार्टिन ल्यूथरने १५२७ च्या प्लेगात लिहिलेल्या पत्राचा मथितार्थही हाच आहे: औषध घ्यावे, घराला धुरी द्यावी, विनाकारण कुठे जाऊ नये, पण शेजाऱ्याला आपली गरज असेल तर मागे हटू नये.

एक बाजू मात्र प्रवचनात येत नाही, ती हिशेबाची. बँकेच्या नोकरीत अनेक धर्मसंस्थांची खाती मी पाहिली. सोमवारी सकाळी काउंटरवर येणाऱ्या सुट्या नाण्यांच्या पिशव्यांवरून आदल्या दिवशीची गर्दी कळे. मोठ्या संस्थांच्या ठेवी असतात. लहान मंडळीचा मात्र दिवाबत्तीचा खर्च आणि पाळकाचे मानधन त्या आठवड्याच्या दानावरच चालते. अशा पाळकाला 'चार रविवार बंद ठेवा' म्हणणे म्हणजे 'चार आठवडे उपाशी राहा' म्हणण्यासारखे असते. त्याचा निर्णय लांबतो तो नेहमीच अंधश्रद्धेमुळे लांबतो असे नाही. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी बाजूला ठेवलेली असेल, तर शहाणपण सुचायला सोपे जाते.

तेव्हा मंडळी सुखरूप ठेवण्याची तयारी साथ नसताना करायची असते. खिडक्या उघडतात का ते पाहावे. मुलांच्या लशींची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीइतकीच आस्थेने विचारावी. एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी करून, त्यांना फोन कोण करणार, डबा कोण पोचवणार आणि घरात मृत्यू झाला तर कोण उभे राहणार हे आधी ठरवून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ताप असताना घरी थांबणे हा भक्तीतला उणेपणा नाही, ती शेजाऱ्यावरची प्रीती आहे, हे वेदीवरून स्पष्ट सांगावे. खोकत खोकत येणाऱ्याचे कौतुक करण्याची आपली सवय साऱ्याच धर्मांत आहे. ती आता सोडायला हवी.

हे सारे चर्चच्या निमित्ताने लिहिले, पण भजनी मंडळ, मशिदीतली जमात, गणेशोत्सवाचा मांडव यांना त्यातले काय लागू नाही? मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत, वांद्र्याला आणि माझगावला, प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस अजून रस्त्याच्या कडेला आहेत. रोग टळावा म्हणून भाविकांनी ते उभारले आणि त्यांच्यापाशी उघड्यावर प्रार्थना केल्या. सोळाव्या शतकातल्या प्लेगात मिलानच्या चार्ल्स बोरोमिओनेही चौकाचौकांत वेदी मांडल्या होत्या, म्हणजे घरात अडकलेल्यांना खिडकीतून उपासना दिसावी. देवाला भिंती लागत नाहीत, हे प्रत्येक धर्माचा माणूस एरवी सहज मान्य करतो. साथीच्या दिवसांत तेवढे आचरणात आणले, म्हणजे साथ ओसरल्यावर पुन्हा एकत्र जमायला मंडळी शिल्लक राहते.