बंगालच्या उपसागरातील श्रमिक : मार्ग बदलले, उचल कायम

मार्च २०२५ मध्ये थायलंडमधील माए सोत येथून भारतीय हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. चांगल्या नोकरीच्या आमिषाने परदेशी गेलेल्या या लोकांना सीमेपलीकडे, म्यानमारच्या म्यावाडी भागात, ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत कामाला जुंपण्यात आले होते. सायबर गुन्हेगारीचा हा प्रकार नवा आहे. मात्र दलालाच्या शब्दावर घर सोडायचे आणि परक्या मुलखात अडकून पडायचे, हा अनुभव बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यांना नवा नाही.

१८४० ते १९४० या शंभर वर्षांत भारतातून हा उपसागर ओलांडून सुमारे अडीच कोटी प्रवास झाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. यांतील निम्म्याहून अधिक ब्रह्मदेशाकडचे होते. उरलेले श्रीलंका आणि मलायाच्या मळ्यांकडचे. बहुतेक मजूर काही हंगामांनी परत येत आणि पुन्हा जात. तेलुगू भाषक जिल्ह्यांतून व ओडिशाच्या गंजाम भागातून निघालेला मजूर रंगूनच्या गोदीत हमाली करी, भातगिरण्यांत राबे किंवा इरावतीच्या खोऱ्यात कापणीला जाई. १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या निम्म्याहून अधिक रहिवाशांची नोंद भारतीय म्हणून झाली होती.

या प्रवासाचा खर्च मजूर स्वतः करू शकत नव्हता. तो मेस्त्री करी. बोटीचे भाडे आणि मागे राहणाऱ्या कुटुंबासाठी थोडी रक्कम मेस्त्री आगाऊ देई व पुढे ती मजुरीतून कापून घेई. मजुरी मालकाकडून थेट हाती न येता मेस्त्रीमार्फतच येत असल्याने हिशेबही त्याच्याच हाती राही. श्रीलंका व मलायात हेच काम कंगाणी करीत असे. श्रीलंकेत तर मजुराने मळा बदलावयाचा झाल्यास ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी लागे. या मजुरावर अमुक इतके कर्ज आहे, ते फेडल्यास त्याला सोडण्यात येईल, एवढाच तिचा आशय. १९२१ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली. पण आगाऊ रकमेवरची भरती चालूच राहिली.

मराठी वाचकाला ही व्यवस्था परिचित वाटेल. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर आजही मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर पुढील हंगामात कोणाकडे राबायचे हे आधीच ठरलेले असते. अंतर समुद्रापलीकडचे असो वा चार जिल्ह्यांचे, मजुराला बांधून ठेवणारी गाठ एकच आहे.

सरकारांनी या गाठीला फारसा हात घातला नाही. त्यांचे लक्ष राहिले ते सीमेवर. १९२२ च्या वसाहतकालीन कायद्याने अकुशल मजुरांच्या परदेशगमनावर नियंत्रण आणले. परंतु ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असल्याने सर्वांत मोठा प्रवाह त्याबाहेर राहिला. १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत तेलुगू कामगारांनी संप केला. मालकांनी त्यांच्या जागी बर्मी मजूर आणले आणि संप मिटताच त्यांना काढून टाकले. त्यातून भीषण दंगल उसळली. मजुरी पाडण्यात ज्यांचा लाभ होता ते बाजूला राहिले आणि दोन्हीकडचे गरीब परस्परांचे वैरी ठरले.

पुढे १९३८ मध्ये भारत सरकारने मलायाकडील साहाय्यित मजूरभरती थांबविली. १९४२ मध्ये जपानी आक्रमणानंतर चार लाखांहून अधिक भारतीय ब्रह्मदेशातून पायी निघाले आणि त्यांतील हजारो वाटेतच दगावले. स्वातंत्र्यानंतर नव्या राष्ट्रांनी या श्रमिकांना परके ठरविले. श्रीलंकेच्या १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतील बहुसंख्य तमिळांना नागरिकत्व नाकारले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारात ५ लाख २५ हजार लोक भारताने आणि ३ लाख श्रीलंकेने स्वीकारावेत, अशी वाटणी झाली. ज्यांची वाटणी होत होती, त्यांना मात्र विचारले गेले नाही.

आज प्रवाहाची दिशा बदलली आहे. जेथे एकेकाळी मजूर येत, त्या म्यानमारमधून लक्षावधी लोक थायलंडच्या मासळी प्रक्रिया उद्योगांत, बांधकामांवर व शेतांत कामाला जातात. २०२१ च्या लष्करी उठावानंतर या स्थलांतराला नव्याने जोर आला. मलेशियात आता बांगलादेश, नेपाळ व इंडोनेशियाचे कामगार आहेत. ३१ मे २०२४ ही मलेशियात प्रवेशाची अंतिम मुदत होती. ती संपली तेव्हा मंजुरी मिळालेले सुमारे १७ हजार बांगलादेशी कामगार मायदेशातच अडकले. सरकारने ठरविलेल्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम त्यांतील अनेकांनी कर्ज काढून, जमिनी विकून भरली होती. पूर्वी मेस्त्री मजुराला आगाऊ पैसे देई. आता दलाल मजुराकडूनच ते आगाऊ घेतो आणि कर्ज गावच्या सावकाराचे होते. कामगार मात्र पहिला पगार मिळण्यापूर्वीच ऋणको होतो.

भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परवानाधारक भरती संस्थेने कामगाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये, अधिक कर, अशी आहे. बिनपरवाना उपदलाल या चौकटीत येतच नाहीत आणि गावपातळीवर गाठ पडते ती त्यांच्याशीच. या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने मतांसाठी खुला केला. त्यावरील चर्चेत एका प्रश्नाला अग्रक्रम मिळावयास हवा : भरतीचा खर्च कोणी सोसायचा?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराने सर्वसाधारण नियम म्हणून खासगी भरती संस्थांना कामगाराकडून शुल्क घेण्यास मनाई केली आहे. हा करार भारताने स्वीकारलेला नाही. कामगार पाठविणाऱ्या एकाच देशाने हा नियम लागू केला, तर मालक शेजारच्या देशातून स्वस्त मजूर आणतील, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच या उपसागराभोवतीच्या देशांनी एकत्रितपणे, मजूर घेणाऱ्या देशांनाही सोबत घेऊन, हा खर्च मालकावर टाकणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास संकटाच्या वेळी विमाने पाठविण्याची पाळी सरकारांवर पुन्हा येत राहील. आणि परतलेल्या माणसाच्या दारात सावकार उभाच असेल.