बॅकअप कुणासाठी?

शनिवारी अख्खं कपाट उपसून एक जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. वर मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलंय : "ओव्या - मुळशी - फायनल". आपल्या धंद्यात फायनल लिहिलेलं काहीच फायनल नसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको :)

सहा-सात वर्षांपूर्वी मित्राच्या ओळखीने मी एका विद्यापीठाच्या प्रकल्पात फुकटची लुडबुड केली होती. डोंगरातल्या वाड्यांमधला 'सांस्कृतिक ठेवा' नोंदवायचा असा तो प्रकल्प. जात्यावरच्या ओव्या, देवाच्या जागा, सणावाराची गाणी. मुलं रेकॉर्डर घेऊन जायची. माझ्याकडे फाईलींना नावं देणं, याद्या, बॅकअप अशी हमाली. एकदा मीही गेलो. एका आजी आधी लाजल्या, मग तासभर थांबेचनात. निघताना त्यांनी विचारलं, "ह्ये आमाला कंदी ऐकिवनार?" मी म्हटलं, "आजी, पुढच्या महिन्यात आणून देतो की."

अहवाल गेला, सादरीकरण झालं, निधी संपला. पुढचा महिना काही आला नाही.

या पावसाळ्यात ट्रेकला जाताना त्याच वाडीत थांबलो. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. नातवाने एवढंच विचारलं, "तिचा आवाज हाय का वो तुमच्याकडं?" होता. तीन कॉपीज होत्या. तिन्ही पुण्यात.

विद्यापीठाकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. पण शब्द मी दिला होता. आणि खरं सांगायचं तर परत देणं हे काम आमच्या यादीतच नव्हतं. यादीत नसलेलं काम होत नाही, हे रोज ऑफिसात बघतोच ना आपण?

म्हणून माझं स्पष्ट मत झालंय : अशा प्रकल्पात नोंदवणं हे अर्धंच काम. ज्यांचं आहे त्यांच्या हातात ते परत पडेपर्यंत प्रकल्प संपला असं म्हणूच नये.

हे स्वप्नरंजन नाही. केंब्रिज विद्यापीठात २००० साली अ‍ॅलन मॅकफर्लेन आणि मार्क टुरिन यांनी 'डिजिटल हिमालय' नावाचा प्रकल्प सुरू केला. हिमालयातल्या लोकांबद्दल मानववंशशास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या फिल्म्स, फोटो, ध्वनिमुद्रणं युरोपातल्या कपाटांत खराब होत होती. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी सोळा एमएमवर केलेलं प्रचंड चित्रीकरण त्यात होतं. प्रकल्पाने तीन उद्दिष्टं जाहीर केली. एक, हे सगळं डिजिटल करून वाचवणं. दोन, अभ्यासकांना इंटरनेटवरून देणं. आणि तीन, ज्यांच्याकडून हे गोळा केलं त्यांच्या वंशजांना डीव्हीडीवर देणं. तिसरं कलम बघा. पहिल्या दिवसापासून कागदावर आहे!

त्याच टुरिन यांनी नेपाळच्या दोलखा आणि सिंधुपाल्चोक भागातल्या थामी भाषेवर काम केलं. २००४ साली काठमांडूला नेपाळी-थामी-इंग्रजी शब्दकोश निघाला, त्यावर बीरबहादुर थामी यांचंही नाव आहे. ज्याची भाषा त्याचं नाव मुखपृष्ठावर, तळटीपेत नाही. आणि नेपाळी आहे म्हणून तिथल्या शाळेतल्या पोरालाही तो उघडता येतो. २०१५ च्या भूकंपात याच दोन जिल्ह्यांत गावंच्या गावं कोसळली. घरात जपलेलं किती सहज जातं, आणि बाहेर एक प्रत असणं का गरजेचं, हे तेव्हा कळतं. म्हणजे बॅकअप हवाच. प्रश्न फक्त तो कुणासाठी, एवढाच आहे.

"मग टाका की नेटवर, झालं काम." हा आपला आवडता उपाय. पण वेबसाईट शोधणाऱ्यासाठी असते. ज्याला ती आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी ती नसल्यातच जमा. शिवाय सगळंच सगळ्यांसाठी नसतं. देवाचं काही गाणं ठरावीक दिवशी, ठरावीक लोकांतच म्हणायचं असतं. ते खुलं करायचा अधिकार कुणी दिला आपल्याला? ऑफिसात कुणाला काय दिसावं यावर आपण तासन्‌तास मीटिंगा घेतो. वाडीत मात्र एका सहीवर काम भागवतो.

दुसरी गोष्ट, परत देणं एकदाच करून भागत नाही. त्या डीव्हीडी आज लावायच्या कुठे? माझ्या लॅपटॉपला ड्राईव्हच नाही. म्हणजे मेंटेनन्स आलाच, आणि त्याला पैसे लागतात. ते पहिल्याच बजेटमध्ये धरा.

लांब कशाला, हिंजवडीचंच घ्या. आपल्या काचेच्या इमारती मुळशी तालुक्यातच आहेत हे किती जणांच्या लक्षात असतं? याच तालुक्यातल्या डोंगरी गावांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, गाणारीच्या नावासकट, गावासकट. आमच्या फाईलींची नावं मात्र "बाई ०१", "बाई ०२" अशी. ही अक्कल माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

तेव्हा उद्या कॉलेजातला मित्र किंवा कंपनीची सीएसआर टीम "जरा टेक्निकल मदत कर" म्हणाली तर जरूर करा. फक्त आधी तीन प्रश्न विचारा. हे परत कसं आणि कधी देणार? गाणारीचं नाव कुठे लिहिणार? तिने "हे काढून टाका" म्हटलं तर कोण काढणार? उत्तर नसेल, तर रेकॉर्डर घरीच राहू द्या.

आजींच्या ओव्या नातवाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. रेंज देवळाच्या ओट्यावर येते म्हणून सगळे तिथे जमून ऐकत बसले, असं त्याने कळवलं. डिस्कवर अजून अकरा जणी आहेत. त्यांची नावं विचारायला रविवारी जातोय. येणार का कुणी? गाडीत दोन जागा आहेत.