माहेरची साडी आणि सातबारा

आपण चळवळीतल्या बायका एक गोष्ट फार सहज करतो. 'उंबरठा'चं नाव निघालं की आपला सूर हळवा होतो आणि 'माहेरची साडी'चं नाव निघालं की आपण हसतो. शिबिरात तर हा हमखास टाळ्यांचा विषय. रडका सिनेमा, रुमाल घेऊन बघायचा सिनेमा, बायकांना पन्नास वर्षं मागे नेणारा सिनेमा. मैत्रिणींनो, या हसण्यात आपण एक मोठी संधी हातची घालवली असं माझं स्पष्ट मत आहे. तो सिनेमा प्रतिगामी आहे, यात वादच नाही. पण नेमका कशात, ते आपण सांगितलंच नाही. आपण सासूवर बोट ठेवलं. ते ठेवायला हवं होतं साडीवर.

विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ सालचा. राजस्थानी 'बाई चली सासरिये'वरून घेतलेला. अलका कुबल यांची लक्ष्मी बापाच्या लेखी अपशकुनी, भावाची मात्र लाडकी. सासरी उषा नाडकर्णींची सासू तिला छळते आणि शेवटी लक्ष्मी मरते. गावोगावच्या बायका हे बघून ओक्साबोक्शी रडल्या. त्या मूर्ख होत्या म्हणून रडल्या का? अजिबात नाही. आपलीच गोष्ट पडद्यावर आली म्हणून रडल्या. सासरच्या छळाबद्दलचं ४९८अ हे कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४ब १९८६ साली. म्हणजे कायदा हजर होता. तरी बाई मरत होती, कारण पोलीस चौकीतून बाहेर पडल्यावर रात्री झोपायचं कुठे याचं उत्तर कायद्यातही नव्हतं आणि माहेरातही नव्हतं.

आणि इथेच त्या साडीचा हिशोब मांडायला हवा. बापाचं घर आहे, इस्टेट आहे. त्यातून लेकीला काय मिळालं? साडी. चांगला भाऊ कोण? जो साडी आणतो तो. सिनेमा संपताना प्रेक्षक भावाच्या मायेने गहिवरतो आणि घर मात्र भावाकडेच राहतं. सासू दुष्ट आहे हे सगळ्यांना दिसलं. माहेर किती स्वस्तात सुटलं ते कुणालाच दिसलं नाही.

मी तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात काम करते. मार खाऊन आलेल्या बाईला आम्ही ठरलेला प्रश्न विचारतो, "माहेरी राहता येईल का?" ठरलेलं उत्तर येतं, "ठेवून घेतील दोन-चार दिवस, ताई." आणखी थोडं विचारलं की कळतं, वडील गेल्यावर हिनेच भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलंय. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणी-बहिणी ओळीने उभ्या राहिल्या, अंगठे-सह्या झाल्या, मग हॉटेलात जेवण आणि प्रत्येकीला एक साडी. काहींनी ती साडी ट्रंकेत जपून ठेवलेली असते. "सही नसती केली तर माहेर तुटलं असतं," म्हणतात. सही करूनही ते दोन-चार दिवसांचंच उरतं, हे त्यांनाही ठाऊक असतं.

महाराष्ट्राने १९९४ साली कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा दिला. आपण त्याचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. म्हणजे १९९१ साली थिएटरात रडणाऱ्या बहुतेक लग्न झालेल्या बायका बाहेरच राहिल्या! ती भिंत पडायला २००५ची केंद्राची दुरुस्ती यावी लागली. आणि त्या वेळी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाकडून पक्कं व्हायला २०२० उजाडलं.

आता आपल्या आवडत्या सिनेमांकडे वळू. 'कुंकू' १९३७चा, प्रभातचा. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. आजही ती बघताना अंगात बळ येतं. पण तिची सुटका होते कशी? काकासाहेब आत्महत्या करतात म्हणून. शांतारामबापूंना त्याबद्दल मी दोष देणार नाही. मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली. त्याआधी दहा वर्षं नीराला कुठल्या दारातून बाहेर काढणार?

'उंबरठा'ची गोष्ट मात्र वेगळी. १९८२ साली दारं होती. स्मिता पाटीलच्या सुलभाने आमच्या पिढीला घडवलं, मी समाजकार्याच्या शिक्षणाकडे वळले त्यातही तिचा वाटा आहे. आश्रमाची ती कमिटी, ती दडपणं, अधीक्षिकेचा तो एकटेपणा, सगळं तंतोतंत खरं आहे. तरीही शेवटी सुलभा घराबाहेर पडते तेव्हा ती पुढे राहणार कुठे, भाडं कोण भरणार, हे सिनेमा विचारत नाही. तिच्याकडे शिक्षण आहे, ती निभावेल. माझ्यासमोर बसणाऱ्या बाईकडे सातवी पास एवढंच आहे. तिला 'उंबरठा ओलांड' म्हणणं मला आता जड जातं.

मालिकांबद्दल मी थोडक्यातच बोलेन. संध्याकाळी सातनंतर बचतगटाची बैठक ठेवली की त्यांची ताकद कळते. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. 'होणार सून मी ह्या घरची'त तर एका सुनेला सहा सासवा. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका फसवणुकीतून उठते आणि मसाल्याच्या धंद्यातून थेट कोट्यवधींची मालकीण होते. एक तर सोसा, नाहीतर उद्योगपती व्हा! मधली अर्धा एकर कुठेच नाही. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती मला त्यातल्या त्यात भावली. मोठ्या मुलांची आई घटस्फोट घेते, पुन्हा लग्न करते, आणि खेड्यातल्या बायका तिची बाजू घेतात. हे मी स्वतः ऐकलंय.

पण एक गोष्ट मात्र मी कुठल्याच मालिकेला माफ करणार नाही. वाटणी मागणारी बाई तिथे हटकून खलनायिका असते. आत्याबाई माहेरी येऊन हिस्सा मागू लागली की पार्श्वसंगीत बदलतं, तिच्या भुवया वर जातात, आणि सोशिक नायिका "मला काही नको" म्हणून सही करते. त्या सहीला टाळ्या! दिवसातून चार मालिकांत हे बघणारी बाई उद्या कचेरीत काय करेल?

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, भावाबहिणीची माया अशी जमिनीत मोजायची का. भाऊ मोजतोच की! मोजणीदार बोलावून मोजतो. बहिणीने विचारलं की तेवढ्यापुरती माया आठवते.

म्हणून आमच्या केंद्राने ठरवलंय की 'माहेरची साडी' गावात दाखवायचाच. साडीचा प्रसंग आला की सिनेमा थांबवायचा आणि विचारायचं, तुमच्या वडिलांच्या उताऱ्यावर आज कुणाकुणाची नावं आहेत? सातबारा आता मोबाईलवरही बघता येतो, तिथल्या तिथे बघायचा. पहिल्या खेपेला सासवाही आल्या तर उत्तम. त्याही कुणाच्या तरी बहिणी आहेत आणि त्यांचंही हक्कसोडपत्र झालेलं असणारच. ज्या गटांकडे प्रोजेक्टर असेल त्यांनी दिवाळीआधी कळवावं.