स्वप्न ऐकून गोळी वाढवू नका

स्किझोफ्रेनियातून बरा झालेला रुग्ण फॉलोअपला येतो. गोळ्या नीट चालू असतात. उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, स्वप्नात मी परत तसाच झालो होतो. सगळे माझ्याबद्दलच बोलत होते." आपल्यातले काही जण लगेच डोस वाढवतात, काही "स्वप्नच ते" म्हणून पुढचा केसपेपर ओढतात. रुग्ण दोन्हींतून एकच शिकतो: पुन्हा सांगायचं नाही.

स्वप्नाला स्वप्न म्हणतोय म्हणजे भान शाबूत आहे, हे आधी त्यालाच सांगावं. मग विचारावं: जाग आल्यावर सावरायला किती वेळ लागला? पुन्हा झोप लागली? दिवसाही तसं वाटतं का? प्रोप्रॅनोलॉल नव्याने सुरू केलं असेल किंवा दारू नुकतीच सुटली असेल, तर स्वप्नं ठळक पडतात. प्रोप्रॅनोलॉल तर बहुधा आपणच लिहिलेलं असतं!

आजार परत येण्याची रुग्णाची भीती मात्र निराधार नाही. रॉबिन्सन यांच्या 1999च्या अमेरिकी अभ्यासात आजाराच्या पहिल्या झटक्यातून उठलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के जणांचा आजार पाच वर्षांत उलटला. औषध सोडलेल्यांत धोका जवळजवळ पाचपट होता. पण भीतीने माणूस रात्र जागून काढतो, आणि झोप उडणं हीच तर आजार उलटण्याची जुनी ओळखीची खूण.

उंबरमाळीसारख्या ठिकाणी हे आणखी बिकट होतं. कसाऱ्याच्या अलीकडचं हे स्टेशन. ठाण्याच्या 1901पासूनच्या मनोरुग्णालयात यायचं तर लोकलने जाऊन-येऊन दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. त्यामुळे स्वप्न आधी भगताकडे जातं. जाऊ दे, भगत निदान पूर्ण ऐकून घेतो. "बाहेरचं आहे" म्हणून गोळी बंद झाली, तर मात्र आपलं काम आहे. गोळीही चालू राहू द्या, एवढं घरच्यांशी न भांडता ठरवता येतं.

खरा धोका दिवाळीनंतर. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मध्यरात्रीनंतर कामाला लागायचं, म्हणजे झोप तुटलेली. गोळ्या गावातल्या डब्यात राहिलेल्या. असा रुग्ण माघात येऊन वाईट स्वप्नांबद्दल बोलला, तर स्वप्नाआधी भट्टीची चौकशी करा. त्याहून बरं म्हणजे दिवाळीआधीच्या भेटीत यंदा भट्टी कुठली ते विचारून घ्या, जास्त दिवसांच्या गोळ्या द्या, आणि टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा फुकट क्रमांक मुकादमाच्या नव्हे, घरातल्याच कुणाच्या तरी मोबाइलमध्ये घाला.