मोल दिन: मार्कांपुरतं पाठ केलेलं गणित युरियाच्या गोणीवर कधी येणार?

२३ ऑक्टोबर. रसायनशास्त्राचे शिक्षक हा दिवस 'मोल दिन' म्हणून साजरा करतात, तोही सकाळी ६:०२ ते संध्याकाळी ६:०२ या वेळेत. प्रथा अमेरिकेतली. तिथे तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून १०/२३. यामागचा आकडा आहे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. हाच अ‍ॅव्होगॅड्रो अंक.

डझन म्हणजे १२, तसं मोल म्हणजे एवढे कण. जगातल्या ८०० कोटी लोकांनी सेकंदाला एक या वेगाने न थांबता मोजले, तरी साधारण २४ लाख वर्षं लागतील. आणि एवढे रेणू मावतात कशात? १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे चहाच्या जेमतेम चार चमच्यांत!

आपल्याकडे नववीच्या विज्ञानात 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात हे सगळं आहे. पण बहुतेक पोरं सूत्र पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. अडचण प्रयोगशाळेची नाही, हाताने करून बघण्याची आहे. त्याला किराणा दुकानातला वजनकाटा पुरतो.

ज्वारीचे १०० दाणे मोजा, वजन करा. मग अर्धा किलोत किती दाणे, ते न मोजता काढा. रसायनशास्त्र हेच करतं, वजनावरून मोजणी. त्यानंतर १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ आणि ३४२ ग्रॅम साखर शेजारी ठेवा. प्रत्येक ढीग एक मोल. संख्या तीच, वजन वेगळं का? उत्तर मुलांनाच शोधू द्या.

आता युरियाची गोणी बघा. युरियाचा एक मोल ६० ग्रॅम, त्यात नत्र २८ ग्रॅम. भागाकार केला की गोणीवर छापलेले ४६ टक्के सापडतात. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत नत्र फक्त २० किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. एकराला किती नत्र टाकतोय, हा हिशेब घरातलं नववीचं पोरगं करून देऊ शकतं.

२३ ऑक्टोबर अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. मग सुट्टीआधीचा एक तास काढा. खर्च शून्य. गुरुजी-बाईंनी एवढं केलं, तर मोल फक्त दोन मार्कांचा राहणार नाही.