बर्फ कमी, धोका जास्त

जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते. हंगाम हुकला म्हणून स्कीइंगवाले हळहळत होते. बर्फ आला तो महिनाअखेरीस, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तर भरभरून पडला. 22 फेब्रुवारीला, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथेच सुरू असताना, हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

बर्फ कमी म्हणजे धोका कमी, हा समज हिवाळी मोहिमा नेणाऱ्या जाणत्या मंडळींतही आढळतो. हिशेब उलटा आहे. जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते. थर अर्धाच मीटर असेल आणि निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे 10 अंशांवर गेला, तर मीटरमागे 20 अंशांचा फरक पडतो. थर दोन मीटरचा असता, तर हाच फरक 5 अंशांवर आला असता. साधारण 10 अंशांच्या पुढे गेले की तळची वाफ वर सरकू लागते आणि एकमेकांना धरून बसलेले कण टोकदार, सुटे स्फटिक होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. जाड साखरेसारखे बोटांतून गळतात. मग पश्चिमी विक्षोभ येतो आणि या कच्च्या पायावर दोन-तीन दिवसांत सगळा भार टाकतो.

हे वरून दिसत नाही. खणावे लागते.

ज्या उतारावर जायचे आहे त्याच दिशेच्या, तितक्याच चढाच्या पण सुरक्षित जागी खड्डा घ्यायचा, 30 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा खांब मोकळा करायचा, त्यावर फावड्याचे पाते ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारायच्या. मनगटाच्या थापांनीच थर स्वच्छ निसटला, तर 30 ते 45 अंशांचे उतार त्या दिवशी सोडून द्यावेत. खांब टिकला म्हणून मात्र उतार पास झाला असे नाही. पन्नास पावलांवर थर वेगळा असू शकतो.

आणि हा विषय फक्त हिवाळ्याचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत उत्तराखंड गाठणाऱ्यांनी 4 ऑक्टोबर 2022 आठवावा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी द्रौपदी का डांडा-2 वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्या वेळी 27 मृतदेह हाती लागले, दोघे बेपत्ता होते. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच खरी आशा असते. तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचत नाही. म्हणून ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, एकट्या नेत्याच्या पाठीवर नव्हे.

मोहिमांच्या अहवालांत दोर किती लावला ते मीटरमध्ये असते. खड्डा कुठे खणला, याचा पत्ता नसतो. येत्या हंगामापासून हे मासिक प्रत्येक हिवाळी अहवालासोबत ती नोंद मागणार आहे: उंची, उताराची दिशा, अंश, आणि थर कितव्या थापेला सरकला.